सेवाव्रती कस्तुरबा

संतसज्जनहो, चरित्र सांगायचे म्हटले म्हणजे आम्हा कथेकऱ्यांना एक खोड असते. ज्याचे चरित्र सांगावयाचे तो जन्मापासूनच सिद्ध होता असे सांगून आम्ही मोकळे होतो. श्रोत्यांनाही ते बरे वाटते. कारण तो जन्मसिद्ध ठरला की आपल्याला त्याचे अनुकरण करण्याचे कारण उरत नाही. हात जोडले, बुक्का लावला, घरी गेलो! म्हणून आज मी अशा एका माउलीचे चरित्र सांगणार आहे की जी सिद्ध म्हणून जन्मली नाही. ती चुकली, अडली, रुसली, रडली. पण प्रत्येक वेळी आपले अंतःकरण थोडे थोडे मोठे करीत गेली, आणि शेवटी एका मोठ्या देशाची आजी होऊन गेली. ती माउली म्हणजे महात्मा गांधींची धर्मपत्नी कस्तुरबा.

गुजराथीत आईला बा म्हणतात आणि आजीला मोटीबा. कस्तुरबा दोन्ही झाल्या, आणि केवळ आपल्या पोटच्यांपुरत्या नव्हे.

त्यांचा जन्म 1869 साली काठेवाडात पोरबंदर येथे झाला. वडील गोकुळदास मकनजी हे तिथले सधन व्यापारी. घराणे वैष्णव, देवदर्शन, एकादशी, व्रतवैकल्ये यांत वाढलेले. मुलींना शाळेत घालण्याची चाल नव्हती, त्यामुळे कस्तूरला अक्षरओळख नव्हती. तेराव्या वर्षी लग्न झाले. वर तिच्याच वयाचा, काही महिन्यांनी धाकटाच. पण नवरेपण काय ते त्याला लगेच कळले होते, बरं का! बायकोने आपल्याला विचारल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नये असा त्याने हुकूम सोडला. कस्तूर भांडली नाही. ती आपली देवळात जायची तेव्हा जात राहिली आणि मैत्रिणींकडे जायचे तेव्हाही गेली. पुढे ज्या महात्म्याने साम्राज्याला सविनय कायदेभंग दाखवला, त्याला तो आधी घरातच पाहायला मिळाला होता. हे महात्माजींनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. पहिले मूल चार दिवसही जगले नाही. पुढे हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास असे चार मुलगे झाले.

1896 च्या अखेरीस गांधीजी बायकामुलांना घेऊन दक्षिण आफ्रिकेस निघाले. दर्बान शहरी वकिली चांगली चालू होती आणि घरात कारकून मंडळी राहायला असत. त्या घरात न्हाणीची सोय नव्हती. रात्रीची भांडी प्रत्येक खोलीत ठेवलेली, आणि ती सकाळी साफ करण्याचे काम गांधीजींनी नवराबायकोकडे घेतले होते. त्यांतला एक कारकून पंचम मातापित्यांच्या पोटी जन्मलेला होता. आमच्याकडे ज्यांना अस्पृश्य मानीत त्यांतला. त्याचे भांडे उचलण्याची पाळी आली तेव्हा कस्तुरबांचे मन बंड करून उठले. त्यांनी भांडे उचलले, पण डोळ्यांत पाणी होते आणि चेहऱ्यावर राग. गांधीजींना नुसते काम नको होते, हसतमुखाने केलेले काम हवे होते. ते इतके संतापले की बायकोचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढीत नेले, घराबाहेर काढण्यासाठी. त्या परमुलुखात आईबाप नाहीत, आप्त नाहीत, मी जाऊ कुठे, निदान लाज तरी बाळगा, अशा अर्थाचे तिने सुनावले तेव्हा नवरा भानावर आला.

सज्जनहो, इथे थोडे थांबू. या प्रसंगात चूक कोणाची? नवऱ्याचा विचार उदात्त, पण वागणूक निष्ठुर. बायकोची वागणूक दीनवाणी, पण मनातला विटाळ खरा. माझी स्वतःची आजी कडक सोवळ्याची होती. पाठशाळेतून मी घरी येई तेव्हा अंगणातच माझ्या कपड्यांवर पाणी शिंपडी. पण तीच आजी दारी आलेल्याला उपाशी जाऊ देत नसे. म्हणून मी सांगतो की विटाळ हा दुष्टपणा असतोच असे नाही. पुष्कळदा तो सवयीचा गंज असतो आणि प्रेमाच्या घासणीने निघतो. मात्र घासावे लागते, आणि घासताना दुखते. कस्तुरबांचे पुढचे सारे चरित्र म्हणजे हे घासणे आहे.

1901 साली ही मंडळी स्वदेशी परत निघाली तेव्हा लोकांनी प्रेमाने सोन्याचे दागिने भेट दिले, त्यांत एक हार खास कस्तुरबांसाठी. गांधीजींनी ठरवले की सेवेचा मोबदला घ्यायचा नाही, सारे लोककार्यासाठी विश्वस्तांकडे द्यायचे. बांना हे रुचले नाही. उद्या सुना येतील, त्यांच्या अंगावर काय घालू, हा त्यांचा प्रश्न. आणि हारही मला दिलेला, तुम्ही कोण तो परत करणारे, हाही. प्रश्न काही वावगा नव्हता, आईचाच प्रश्न होता तो. शेवटी दागिने गेले. नंतरच्या आयुष्यात बांच्या अंगावर काचेच्या बांगड्यांपलीकडे फारसे काही दिसले नाही. त्या बांगड्यांची गोष्ट शेवटी येईल.

आता 1913 साल. पुन्हा दक्षिण आफ्रिकाच. मार्च महिन्यात तिथल्या एका न्यायाधीशाने असा निकाल दिला की ख्रिस्ती धर्माप्रमाणे न झालेले आणि सरकारी दप्तरी न नोंदलेले विवाह कायद्यात धरायचे नाहीत. म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी यांच्या धर्मपत्न्या एका फटक्यात कायद्याने कोणी नाहीत! सत्याग्रह उभा राहिला. फिनिक्स आश्रमातल्या इतर बायकांशी गांधीजी तुरुंगाबद्दल बोलले, पण बांना विचारले नाही. आपण विचारले तर ती आपल्यासाठी म्हणून हो म्हणेल आणि तिथे धीर सुटला तर, ही शंका. बांनी ते बोलणे ऐकले आणि उलट त्यांनाच विचारले की माझ्यात असे कोणते उणे आहे म्हणून मला वगळले? सप्टेंबरात सोळा जणांची पहिली तुकडी निघाली. तीत बा आणि आणखी तीन स्त्रिया. सरहद्द ओलांडताच अटक, तीन महिने सक्तमजुरी, मॅरित्झबर्गचा तुरुंग. बांचे व्रत फलाहाराचे. फळे मिळेनात तेव्हा त्या काही दिवस निराहार राहिल्या. डिसेंबरात सुटल्या तेव्हा अंगात केवळ हाडे उरली होती. दर्बानच्या फाटकापाशी बाहेर काढली जाणारी ती बाई आता दुसऱ्या बायकांना धीर देत तुरुंगातून बाहेर आली.

पण एवढ्याने मनातला जुना गंज गेला म्हणता? नाही. 1915 साली अहमदाबादेजवळ कोचरब येथे आश्रम निघाला आणि थोड्याच महिन्यांत दूदाभाई, त्यांची पत्नी दानीबेन आणि चिमुरडी लक्ष्मी असे अस्पृश्य मानलेले कुटुंब तिथे राहायला आले. विहिरीवर भांडणे झाली, देणगीदारांनी हात आखडला. आणि आश्रमात सर्वांत अधिक अस्वस्थ कोण? तर बा. दानीबेन स्वयंपाकघरात आलेली त्यांना सोसेना. गोष्ट या थराला गेली की आश्रमाचा नेम पाळणे जमत नसेल तर खुशाल निघून जावे असे गांधीजींनी सांगितले.

बा गेल्या नाहीत. आणि पुढे काय झाले पहा. गांधीजींनी लक्ष्मीला आपली मुलगी मानली. मुलगी मानणे पुरुषाला एका वाक्यात जमते. तिची वेणी कोण घालणार, ताप आला तर उशाशी कोण बसणार? ते सगळे बांकडे आले. तत्त्वाने जे पटत नव्हते ते त्या लेकराने मांडीवर बसून पटवले. चार मुलगे झाले, मुलगी नव्हती. लक्ष्मी ही त्यांची मुलगी झाली. ज्ञानाच्या वाटेने कोणी समतेला पोहोचतात, बा पोहोचल्या त्या मायेच्या वाटेने. वाट लांबची पडली, पण पोहोचल्या त्या पक्क्या. म्हणजे जवळजवळ पक्क्या. त्याचीही एक गोष्ट आहे, ती यथाक्रम सांगतो.

1917 साली बिहारात चंपारण्यात निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध गांधीजींनी काम हाती घेतले. तिथे खेड्यांत शाळा आणि औषधपाणी सुरू करायचे तर माणसे हवीत. त्या हाकेला आपल्या भागातून किती जण धावले! धुळ्याचे डॉक्टर देव, बेळगावचे सोमण, मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले. आणि भितिहरवा नावाच्या खेड्यात सोमणांबरोबर राहिल्या त्या कस्तुरबा. हिंदी धड येत नाही, लिहिणे-वाचणे जेमतेम. पण तिथे व्याकरण शिकवायचे नव्हते. केस विंचरणे, अंग धुणे, अंगण झाडणे, तापाला क्विनाइन आणि खरजेला गंधकाचे मलम. एवढीच शाळा आणि एवढाच दवाखाना.

तिथला एक प्रसंग माझ्या कथेत मी नेहमी सांगतो. काही बायकांचे कपडे फारच मळलेले दिसत. त्यांना विचार, असे गांधीजींनी बांना सांगितले. बांनी विचारले. तेव्हा त्यांतल्या एकीने बांना आपल्या झोपडीत नेले आणि रिकामी झोपडी दाखवली. पेटी नाही, फडताळ नाही, अंगावर आहे तेवढेच लुगडे. ते धुवायचे तर नेसायचे काय? आणखी एक लुगडे मिळवून द्या, मग रोज आंघोळ करीन, असे ती म्हणाली. सज्जनहो, स्वच्छतेचा उपदेश करायला गेलेली बाई त्या झोपडीतून काय घेऊन बाहेर आली असेल याचा विचार करा. पुढे भितिहरव्याची गवताची शाळा एका रात्री जळाली. लावली की लागली, देव जाणे. सोमण आणि बा यांच्याकडेच ती शाळा होती. सोमणांनी विटांची पक्की शाळा उभी करायचे ठरवले, गावकऱ्यांनी हात लावले आणि शाळा पुन्हा उभी राहिली.

1919 च्या आरंभी गांधीजी दुखण्याने इतके खंगले की दूध घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते आणि दूध न घेण्याचे व्रत तर होते. वैद्य-डॉक्टरांनी हात टेकले. बा जवळच उभ्या होत्या. त्यांनी आठवण दिली की व्रत घेतले तेव्हा गाय आणि म्हैस डोळ्यांपुढे होती, बकरीचे नाव कोणी घेतले होते? झाले! पुढे जगभर प्रसिद्ध झालेल्या त्या बकरीचे मूळ असे बांच्या व्यवहारी बुद्धीत आहे. आजीबाईंच्या बटव्यात केवळ ओवा-सुंठच असते असे नाही, धर्मशास्त्रही असते.

आता आजीपणाचीच गोष्ट. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत थोरल्या हरिलालची पत्नी वारली. हरिलाल आधीच बापावर रुसून वेगळा झालेला, व्यसनांच्या मार्गाला लागलेला. त्याची आईवेगळी लेकरे बांच्या पदराखाली आली. पन्नाशीला टेकलेल्या बाईने पुन्हा लेकरांचे न्हाऊ-माखू, जेवूखाऊ मांडले. आश्रमात नेम असा की कोणाला वेगळे काही द्यायचे नाही. पण आजीचा हात नेम पाळता पाळता थोडा ढळतोच. त्यांतला रसिक नावाचा नातू 1929 साली ऐन उमेदीत दिल्लीस तापाने गेला. तोही घाव बांनी सोसला.

आणि हरिलाल? त्या घराचा विचार करताना लोक बापलेकांचे बोलतात. मधे उभी असलेली आई कोणाच्या लक्षात येत नाही. 1936 साली त्याने धर्मांतर केले आणि पुढे काही महिन्यांनी परतला. वर्तमानपत्रांत रोज काही छापून येई. बांनी त्याला व्याकुळ होऊन पत्र लिहिले होते. कटनीच्या स्थानकावरची गोष्ट ऐका. गाडी थांबली. सगळा लोक महात्माजींचा जयजयकार करीत होता. एक आवाज मात्र माता कस्तुरबांचा जय म्हणत होता. दारिद्र्याने पिचलेला, फाटक्या कपड्यांतला हरिलाल! त्याने खिशातून एक संत्रे काढून आईच्या हाती दिले आणि हे फक्त तुझ्यासाठी, असे बजावले. आईने त्याला आपल्याबरोबर यायला विनवले. तो आला नाही. गाडी सुटली तेव्हा बांच्या ध्यानात आले की पोराला खायला आपण काहीच दिले नाही; डब्यात फळे होती, पण तोवर फलाट मागे पडला होता. सर्व जगाच्या लेकरांना वाढणाऱ्या हातातून स्वतःच्या लेकराला द्यायचे राहून गेले. याहून मोठी तपश्चर्या कोणती?

मघाशी एक गोष्ट राखून ठेवली होती, ती आता. 1938 च्या मार्चमध्ये ओरिसात डेलांग येथे गांधी सेवा संघाची बैठक होती. जवळच जगन्नाथपुरी. वैष्णवांच्या घरची मुलगी, जन्मभर ऐकलेले क्षेत्र इतके जवळ! बा, महादेवभाई देसाईंच्या पत्नी दुर्गाबेन आणि आणखी एक भगिनी पुरीस गेल्या आणि मंदिरात जाऊन दर्शन घेऊन आल्या. त्या मंदिरात तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश नव्हता, आणि जिथे त्यांना जागा नाही तिथे आपणही जायचे नाही असा गांधीजींचा नेम होता. त्यांना इतके दुःख झाले की रक्तदाब चढला. आपण यांना नीट समजावले नाही, दोष आपला, असे म्हणून त्यांनी स्वतःला आणि महादेवभाईंना बोल लावला. बांनी निमूटपणे चूक कबूल केली.

तुम्ही म्हणाल, देवाचे दर्शन घेतले त्यात चूक कसली? सज्जनहो, मीही पुष्कळ दिवस असेच म्हणत असे. पण लक्ष्मीचा विचार करा. ज्या लेकीला मांडीवर वाढवली तिला ज्या दारी उभे राहता येत नाही, त्या दारातून आई आत गेली. बांच्या ध्यानात हे आले असावे असे मला वाटते, म्हणून त्या वाद घालीत बसल्या नाहीत. सत्तरीला आलेल्या बाईला आपले चुकले असे म्हणता येणे ही साधी गोष्ट नव्हे. आम्हा शास्त्र शिकलेल्यांना ती अजून जमत नाही. पुढे नऊ वर्षांनी, 1947 च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी पंढरपुरी उपोषण केले आणि आपल्या विठुरायाचे दार सर्वांना उघडले. तो दिवस बघायला बा नव्हत्या.

1939 साली राजकोटच्या प्रजेचा लढा सुरू झाला तेव्हा प्रकृती ठीक नसताही बा तिकडे गेल्या आणि अटकेत राहिल्या. मग आला 1942 चा ऑगस्ट. 9 तारखेला पहाटे मुंबईत गांधीजींना पकडले. संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा ठरलेली होती. आता बोलणार कोण? बांनी सांगितले की मी बोलेन. सभेपूर्वीच त्यांनाही पकडले. प्रथम आर्थर रोडचा तुरुंग आणि दोन दिवसांनी पुण्यात येरवड्याजवळ आगाखान महालात, गांधीजींपाशी.

महाल कसला, काटेरी तारांचा पिंजराच तो. 15 ऑगस्टला महादेवभाई एकाएकी तिथेच गेले. त्यांना तिथेच अग्नी दिला. बा त्या समाधीला महादेवाचे मंदिर समजून नमस्कार करीत. तिथे त्यांची तुळस होती, रोज तिची पूजा असे. रामायण, भागवत ऐकणे चाले. चौऱ्याहत्तरीच्या घरात आलेली ही शिष्या नवऱ्याजवळ भूगोल शिकायला बसे आणि गावे-राजधान्या यांची अशी अदलाबदल करी की गुरुजींनाही हसू येई. आणि हो, कॅरम खेळायला त्यांना भारी आवडे. इतक्या दुःखात तो सोंगट्यांचा आवाज ऐकून पहारेकऱ्यांनाही बरे वाटत असेल.

1943 साली शुश्रूषेला म्हणून बांनी मनूला मागून घेतले. मनू म्हणजे गांधीजींच्या पुतण्याची मुलगी, आईवेगळी, सेवाग्रामला बांनीच वाढवलेली. तीही तेव्हा नागपूरच्या तुरुंगात होती. आजीने नातीची वेणीफणी पाहावी आणि नातीने आजीचे पाय चेपावेत, असा तो तुरुंगातला संसार. हृदयविकाराने बा खचत गेल्या. शेवटच्या दिवसांत हरिलाल भेटायला आला, पण शुद्धीत नव्हता. त्या माउलीने स्वतःचे कपाळ बडवून घेतले. त्याला बाहेर न्यावे लागले.

22 फेब्रुवारी 1944. महाशिवरात्र. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पतीच्या मांडीवर डोके ठेवून बांनी प्राण सोडला. तोंडात गंगोदक पडले होते. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांनी या दिवसासाठीच जपून ठेवली होती, ती नेसवली. दुसऱ्या दिवशी महालाच्या आवारातच, महादेवभाईंच्या शेजारी, देवदासांनी अग्नी दिला. गांधीजी चितेजवळून हलेनात. साठ वर्षांहून अधिक संसाराची सोबत, तिला शेवटच्या क्षणी सोडून कसे जायचे? अस्थी वेचताना राखेत पाच काचेच्या बांगड्या अखंड सापडल्या. सोन्याचा हार गेला होता त्याचे बांना एके काळी वाईट वाटले होते. काच तेवढी राहिली.

त्यांच्या स्मरणार्थ देशाने निधी गोळा केला. मागितले होते पंचाहत्तर लाख रुपये, जमले कोटीहून अधिक. तो पैसा कस्तुरबा ट्रस्टच्या मार्फत खेड्यांतल्या बायका आणि मुले यांच्या कामी लागला. म्हणजे भितिहरव्याची ती झोपडी बांच्या मागेही विसरली गेली नाही. आगाखान महाल 1969 साली राष्ट्राला अर्पण झाला.

माझ्या माउल्यांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जणी आज आजी आहात. माझ्याने आता काय होणार, असे तुम्ही म्हणता. वारीत दमलेल्याला पाणी देणे होते, परक्या लेकराला जवळ घेणे होते, आणि आयुष्यभर धरलेली एखादी समजूत चुकीची निघाली तर सुनेसमोर, नातवासमोर तसे म्हणणे होते. तिसरे सर्वांत अवघड. बांनी तिन्ही केले. आळंदीहून पुण्यास येताना येरवड्यापासून जवळच त्या दोन समाधी आहेत. एकदा वाट वाकडी करून जा. पायरीवर क्षणभर बसा आणि आपल्या आजीची आठवण काढा.

रामकृष्णहरि.